वर निखारे, खाली निखारे : धोंडसाचा एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. सामान्य विज्ञान, गणित व मातृभाषा यांचा समवाय)

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मी वर्गशिक्षक असताना, इंग्रजीवरून भाषांतरित केलेली एक गोष्ट चौथीच्या मुलांना वाचून दाखवीत होतो. गोष्टीतील आई थंडीच्या दिवसांत मुलांसाठी मक्याचे पुडिंग भट्टीत भाजते, असा त्यात प्रसंग होता. पुडिंग हा शब्द मुलांना अपरिचित. तेव्हा फारसा विचार न करता मी ‘पुडिंग म्हणजे खीर’ असे सांगून मोकळा झालो, आणि फळ्यावर तसे लिहिलेही. पुस्तकात त्या प्रसंगाचे चित्र होते. चित्रातील आई हातात सुरी घेऊन ताटातील पदार्थाचे तुकडे करीत होती. मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, खीर सुरीने कशी कापतात?” वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्याला खाली बसविले.

त्या मुलाच्या घरी भाद्रपद-आश्विनात वर निखारे व खाली निखारे ठेवून जो पदार्थ होत असे, तो सुरीनेच कापला जात असे. गोष्टीतील पुडिंगचा तो अगदी जवळचा नातलग. मला तो ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. माझ्या आईच्या हातचे तवशाचे धोंडस खाऊनच मी लहानाचा मोठा झालो. परंतु पुस्तकातील पदार्थाचा आपल्या चुलीशी काही संबंध असू शकेल, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही. मुलाचा प्रश्न बिनतोड होता आणि उत्तर घरोघर शिजत होते. मध्ये मी उभा होतो. ती चूक मनात राहिली, आणि तीतूनच पुढे हा पाठ तयार झाला.

प्रथम त्या मक्याच्या पुडिंगविषयी थोडेसे. मका हे मूळचे मेक्सिकोच्या दक्षिण भागातील पीक. तेथील लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून ते लागवडीखाली आणले. १४९२ नंतर ते युरोपात व तेथून जगभर पसरले. आपल्याकडे ते पोर्तुगीजांमार्फत आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जे इंग्रज वसाहतवाले सतराव्या शतकात जाऊन राहिले, त्यांना स्वदेशातील गव्हाच्या पुडिंगची सवय होती; पण त्या भूमीत गहू नीट येईना. तेथील मूळ रहिवाशांकडून त्यांनी मका घेतला, त्याची भरड दुधात शिजविली, तीत उसाची काकवी घातली, आणि मातीच्या भांड्यात घालून मंद आंचेवर कित्येक तास भाजू दिली. हेच त्यांचे मक्याचे पुडिंग. भरडलेले धान्य, उसाचा गोडवा, झाकलेले भांडे आणि संथ उष्णता. या चार गोष्टी मनात ठेवून आता आपल्या स्वयंपाकघरात यावे. तांदळाच्या कण्या, गूळ, जाड बुडाचे पातेले आणि निखारे. दुधाच्या जागी आपल्याकडे तवशाचे पाणी आहे, एवढाच मुख्य फरक.

तवसे म्हणजे पावसाळी मोठी काकडी, हे कोकणातील शिक्षकांस सांगावयास नको. परंतु घाटावरून बदलून आलेल्या बंधुभगिनींसाठी सांगतो. ही काकडी मांडवावर किंवा कुंपणावर वाढते, पिकली की पिवळसर-तांबूस होते, आणि सालीवर जाळीदार रेषा उमटतात. कित्येक घरांत ती दोरीने बांधून माळ्याच्या वाशाला टांगून ठेवतात; साल न दुखावल्यास ती पुढे दोन-तीन महिने टिकते. तळकोकणात व गोव्यात याच पदार्थाला तवसोळी या अर्थाचे नाव आहे. आमच्या रत्नागिरीकडे धोंडस म्हणतात.

गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता भाट्ये येथील एका घरी हा पाठ प्रत्यक्ष घेण्याचा योग आला. रत्नागिरी शहरातून पावसच्या वाटेने निघाले की काजळी नदीच्या मुखावरील पूल ओलांडताच भाट्ये लागते. एका अंगाला सुरूचे बन व समुद्र, दुसऱ्या अंगाला माडांच्या बागा. येथेच १९५५ साली स्थापन झालेले नारळ संशोधन केंद्र आहे. ते आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून ‘प्रताप’ ही नारळाची जात तेथूनच प्रसारित झाली. आसपासच्या शाळांनी त्या केंद्राची सहल जरूर काढावी. पण सहलीआधी मुलांनी घरचा नारळ नीट पाहिलेला असावा, असे मला वाटते.

ज्या घरी आम्ही गेलो तेथील आजी सत्तरीच्या पुढच्या. शाळेतील बाई, सहावीतील सहा मुले आणि मी, असे आठ जण. मुलांकडे वह्या होत्या, आणि शेजारच्या किराणा दुकानदाराने एक विजेवरचा काटा तासाभरासाठी दिला होता. तो काटा पाहून आजी म्हणाल्या, “साहेब, धोंडस मोजून कधी केलंय कोणी? हाताला कळतं ते.”

शिक्षणाच्या दृष्टीने या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे. ‘हाताला कळते’ म्हणजे मोजमाप नाही, असा आपला समज असतो. मोजमाप असते, ते लिहिलेले नसते, एवढेच. आम्ही आजींना त्यांच्या पद्धतीनेच करू द्यावयाचे ठरविले. त्यांच्या हाताला न अडविता मोजावयाचे कसे, हा प्रश्न बाईंनी मुलांपुढे ठेवला. एका मुलीने उपाय सांगितला : गुळाचे भांडे आधी काट्यावर ठेवावे, आजींनी हवा तेवढा गूळ घेतल्यावर पुन्हा ठेवावे, आणि वजाबाकी करावी. ही मुलगी गणितात ‘कच्ची’ आहे असे बाईंनी वाटेत मला सांगितले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहिले.

त्या रीतीने निघालेली मापे अशी : तवशाचा कीस, त्यास सुटलेल्या पाण्यासह, ८०० ग्रॅम, तांदळाच्या कण्या, रव्यासारख्या बारीक दळलेल्या, ३२० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, ओले खोबरे खवलेले ८० ग्रॅम, तूप ४५ ग्रॅम, काजूचे तुकडे ४० ग्रॅम, मीठ व वेलदोड्याची पूड मिळून सुमारे ५ ग्रॅम. एकूण १,५९० ग्रॅम. वरून पाणी थेंबभरही घातले नाही. पुढे आम्ही आजींना विनंती केली की केवळ पाहण्यासाठी त्यांनी ‘एका धोंडसाचा गूळ’ ताटात आणखी तीन वेळा काढून दाखवावा. तिन्ही वेळांतील फरक दहा ग्रॅमच्या आत राहिला. मुले आजींच्या हाताकडे टक लावून पाहू लागली.

वर्गात हा पाठ घेताना वाटीचे माप द्यावयाचे असल्यास सावध असावे. प्रत्येक मुलाने घरून एक वाटी आणावी आणि मोजपात्राने तीत किती पाणी मावते ते पाहावे. एकाच वर्गातील लहान वाटीच्या दीडपट पाणी मोठ्या वाटीत मावलेले मी पाहिले आहे. मग ‘दोन वाट्या कण्यांस चार वाट्या कीस’ या वाक्यात नेमके काय खरे आहे? एकच वाटी सर्वत्र वापरली तर गुणोत्तर खरे राहते. वाट्या बदलल्या की ते बिघडते. प्रमाण हा पाठ्यपुस्तकातील धडा मुलांना येथे हातात धरता येतो.

कृती सांगतो. तवशाची साल काढून, उभे चिरून, आतील बिया व मऊ गर काढावा. फोडी किसणीवर किसाव्या. कीस पिळू नये. सुटलेले पाणी हेच या पदार्थाचे दूध. काकडीत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणी असते, म्हणजे आमच्या ८०० ग्रॅम किसात घन भाग जेमतेम ४० ग्रॅम. (हे उदाहरण मुलांकडून तोंडी सोडवून घ्यावे.) कण्या कढईत तुपावर मंद आंचेवर तांबूस होईपर्यंत भाजाव्या. भाजल्याने वास तर येतोच, परंतु प्रत्येक कणाला तुपाचा पातळ लेप बसल्याने पुढे गुठळ्या होत नाहीत. मग त्यात कीस, पाणी, गूळ व मीठ घालून ढवळावे, झाकण ठेवून वाफ आणावी, आणि कण्या फुलून मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की खोबरे, काजू व वेलदोडा घालावा. जाड बुडाच्या पातेल्याला आतून तूप लावून तळाशी हळदीचे किंवा केळीचे पान घालावे, त्यावर मिश्रण थापावे, आणि निखाऱ्यांवर चढवावे.

वाफ आल्यावर आजींनी मिश्रण बोटावर घेऊन चाखले व म्हणाल्या, “आता अंमळ जास्त गोड लागायला हवं. गार झालं की गोडी उतरते.” हे अगदी यथार्थ आहे. गरम पदार्थ जिभेला अधिक गोड लागतो. गरम चहा व तोच चहा थंड झाल्यावर, असा प्रयोग मुले घरी करून पाहू शकतील.

कडू तवशाविषयी

येथे मी वाचकांस अंमळ थांबवून एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण चुकून पोट बिघडण्याचे किंवा त्याहून अधिक अपायाचे कारण या पदार्थात एकच आहे. काकडी, दुधी, दोडका, पडवळ ही सारी एकाच कुळातील. या कुळातील वनस्पतींत कुकरबिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात. लागवडीच्या जातींत ती नगण्य असतात. परंतु पाण्याचा ताण, उन्हाचा चटका, किंवा रानटी जातीशी संकर झालेले बी, यांमुळे एखादे फळ फार कडू निघते. असे फळ खाल्ल्यास उलट्या, जुलाब व पोटात तीव्र कळा येतात. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावल्याचीही उदाहरणे आहेत. हे द्रव्य शिजविल्याने नाहीसे होत नाही. आणि धोंडसात गूळ असल्याने कडवटपणा जिभेला कमी कळतो. म्हणून धोका साध्या कोशिंबिरीपेक्षा येथे जास्त.

देठाकडचा तुकडा कापून तो उरलेल्या काकडीवर घासला की फेस येतो व कडूपणा निघून जातो, असे घरोघर सांगतात. देठाकडचा भाग पुष्कळदा अधिक कडू असतो हे खरे, पण घासल्याने साऱ्या फळातील द्रव्य निघून जाईल हे संभवत नाही. तेव्हा चिरल्यावर मोठ्या माणसाने दोन्ही टोकांचा व मधला एकेक लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि सारे तवसे फेकून द्यावे. गुरांपुढेही टाकू नये. चाखण्याचे काम मुलांस सांगू नये. आजींनी आमच्यासमोर पहिले तवसे असेच बाजूला टाकले व दुसरे घेतले. त्या वेळी मुलांना वाटले की आजी उगाच नासाडी करीत आहेत. बाईंनी कारण सांगितल्यावर एका मुलाने वहीत ते वाक्य चौकटीत लिहिले. त्याचे मला समाधान वाटले. धोंडस कसे होते ते एखादे वेळी विसरले तरी चालेल, हे विसरून चालणार नाही.

निखारे

आता पाठाचा गाभा. आजींच्या घरी गॅसची शेगडी आहे व रोजचा स्वयंपाक तीवरच होतो. परंतु परसदारी न्हाणीच्या पाण्याचे चुलाण अजून आहे, आणि त्यात करवंट्या व सोडणे जळतात. करवंटीचा निखारा कडक असतो व बराच वेळ तग धरतो. आजींनी चिमट्याने थोडे निखारे विटांच्या मध्ये पसरले, त्यावर पातेले ठेवले, पातेल्यावर काठ असलेले जुने लोखंडी ताट पालथे न घालता उताणे ठेवले, आणि त्यात खालच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट निखारे भरले. बाईंनी मुलांना विचारले, “आजींनी वर जास्त व खाली कमी निखारे का ठेवले असतील?”

मुलांची उत्तरे ऐकण्यासारखी होती. एक म्हणाला, वरचे वाऱ्याने लवकर विझतात म्हणून. (हे अंशतः खरे आहे.) दुसरी म्हणाली, खालचे जास्त झाले की करपते. मग करपते का, यावर वर्ग अडला. येथे शिक्षकाने घाई करू नये. मी पंचवीस वर्षांपूर्वी केली होती.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते हे मुले सातवीपर्यंत शिकतात : वहन, अभिसरण व प्रारण. खालचा निखारा धातूला टेकलेला, धातू मिश्रणाला टेकलेला. तेव्हा खालून उष्णता वहनाने थेट मिश्रणात शिरते. वर मात्र ताट व मिश्रण यांच्यामध्ये हवेची पोकळी आहे. हवा उष्णतेची मंद वाहक. शिवाय तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, खाली येत नाही. म्हणून अभिसरणाने वरची उष्णता खाली पोहोचणार नाही. उरला तिसरा मार्ग. तापलेले ताट मिश्रणाच्या पृष्ठभागावर, सूर्य आपल्या पाठीवर ऊन टाकतो त्याप्रमाणे, प्रारणाने उष्णता टाकते. तो मार्ग पोकळी ओलांडू शकतो, पण वरची बाजू खालच्याइतकीच तांबूस व्हावयाची तर ताट चांगलेच तापले पाहिजे. आजींचे ‘वर जास्त’ यातून उलगडते. अमेरिकेतील त्या वसाहतवाल्यांकडेही बिडाचे एक जाड भांडे असे, ज्याच्या झाकणाला निखारे घसरू नयेत म्हणून उभा काठ असे. आणि त्यांचाही नियम वर जास्त, खाली कमी हाच होता. आपल्या गोव्यात बिबिंका नावाचा अंड्याचा बलक व नारळाचा रस घालून केलेला पदार्थ एकेक थर ओतून केवळ वरच्या उष्णतेवर भाजतात. प्रत्येक थर तांबूस झाला की त्यावर पुढचा. वरच्या निखाऱ्याचे ज्ञान हे असे कित्येक देशांत, एकमेकांना न विचारता, चुलीपाशी बसलेल्यांनी मिळविले आहे.

आणखी एक प्रश्न मुलांना विचारावा : धोंडस आतून पांढरट-पिवळे व मऊ, आणि बाहेरून तांबूस व कडक का? तांदळातील पिष्ट सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागते. आतील भागात पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांपलीकडे फारसे जाऊ शकत नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग मात्र सुकतो, आणि सुकला की तापमान त्याहून बरेच वर चढते. तेथे गूळ व धान्यातील प्रथिने यांच्यात क्रिया होऊन तांबूस रंग व खमंग वास येतो. भाकरीचा पापुद्रा, पावाची कड, धोंडसाची खरवड, तिन्हींचे कारण एकच.

सुमारे पाऊण तासाने आजींनी ताट उचलले, माडाच्या हिराची काडी टोचली, ती कोरडी आली, आणि पातेले खाली उतरविले. मुलांनी पातेल्याचे वजन वजा करून धोंडस मोजले : १,३६० ग्रॅम. म्हणजे २३० ग्रॅम, शेकडा सुमारे साडेचौदा, कोठे गेले? एक मुलगा म्हणाला, “वासातून गेलं.” हसू नये. वासाबरोबर गेले ते अत्यल्प. गेली ती वाफ. पण वास म्हणजेही पदार्थाचे सूक्ष्म कण, ही कल्पना त्या मुलाच्या डोक्यात आपण होऊन आली होती, व तिला वाट करून देणे शिक्षकाचे काम.

ज्या घरी निखारे नाहीत, आणि आज अशी घरे बहुसंख्य आहेत, तेथे काय करावे? गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर पातेले ठेवल्यास तळ करपत नाही, परंतु वरची बाजू फिकी राहते. पुष्कळ ठिकाणी अर्ध्या वेळाने धोंडस ताटात उलटून दुसऱ्या अंगाने भाजतात. ही युक्ती चांगली आहे. विजेची भट्टी असल्यास १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरतात. कुकरात शिटी काढून वाफविलेले धोंडस खाण्यास बरे लागते, पण त्यास खरवड नाही, आणि माझ्या मते खरवडीवाचून ते धोंडस नव्हे, सांदणाची बहीण आहे. मतभेद असल्यास कळवावे.

मुलांनी विचारले म्हणून मी घरी एकदा तांदळाच्या कण्यांऐवजी मक्याचा रवा घालून पाहिला. मक्याने पाणी अधिक मागितले, वेळही दीडपट लागला, आणि रंग सुरेख पिवळा आला. चवीला वाईट नव्हते. घरातील मंडळींनी एकेक तुकडा खाल्ला व तांदळाचे केव्हा होणार असे विचारले.

शाळेत हा पाठ घेणाऱ्यांसाठी काही सूचना. वर्गखोलीत विस्तव आणू नये. बंद खोलीत निखारे धगधगत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच दगावतो. हे मुलांनाही सांगावे, कारण थंडीच्या दिवसांत शेगडी खोलीत घेऊन दार लावण्याची खोड काही घरांत आहे. निखाऱ्याचा पाठ उघड्यावर, पालकांच्या घरी, मोठ्यांच्या हातून व्हावा. मुलांनी पाहावे, मोजावे व लिहावे. कोणी भाजल्यास भाजलेला भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, तूप किंवा दंतमंजन लावू नये. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात असा प्रयोग करू नये. ते सर्वांच्या जेवणाचे ठिकाण आहे.

भाषेच्या तासाला शब्द गोळा करावे : कण्या, किसणी, खवणी, विळी, उलथणे, फुंकणी, चिमटा, वैल, चुलाण, करवंटी, सोडण, हीर, खरवड. यांतील निम्मे शब्द माझ्या सहाही सोबत्यांना ठाऊक होते, वैल हा एकालाही नव्हता. चुलीच्या अंगची ती दुसरी, बाजूची जागा, जेथे उरलेल्या आंचेवर दूध तापते. चूल गेली, तसा शब्द गेला. भूगोलाच्या तासाला एवढेच पाहावे की एका ताटात काकडी ही आपल्या देशातील, काजू हा ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आणलेला, आणि दोघे गुळात शेजारी बसले आहेत. १९३७ साली वर्धा येथे नयी तालीमची मांडणी झाली तेव्हापासून आपण समवायाविषयी बोलत आहोत. पण समवाय ओढून आणता येत नाही. अलीकडे उपक्रम करून त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील गटात पाठविले की काम झाले, अशी रीत पडली आहे. त्या छायाचित्रात मुले पदार्थाभोवती हसत उभी असतात. त्यांच्या वहीत काय लिहिले आहे ते मात्र छायाचित्रात दिसत नाही, आणि माझ्या तपासणीत मी तेच पाहतो.

वही कशी असावी याचा एक नमुना देतो. भाट्ये येथील त्या मुलीच्या वहीत पाच रकाने होते : वस्तू, आजींचे माप, काट्याचे माप, आजी काय म्हणाल्या, माझा प्रश्न. ‘आजींचे माप’ या रकान्यात गुळापुढे ‘तीन मुठी व वर चिमूट’ असे होते. शेवटच्या रकान्यात तिने लिहिले होते : ‘आजींचा हात माझ्यापेक्षा मोठा आहे. माझ्या किती मुठी?’ बाईंनी तिला तेथेच मोजावयास सांगितले. चार मुठी व थोडा गूळ निघाला. ही नोंद पुढे तिच्या घरी उपयोगी पडेल, कारण आजींची मूठ तिच्याबरोबर जाणार नाही.

धोंडस गरम असता कापू नये; ते मोडते. आम्ही ते रात्रभर झाकून ठेविले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेले. वर्गात मुले २४, आणि आजी, बाई व मी धरून आणखी तीन. पातेले गोल, बाईंनी मुलांना सारखे २७ तुकडे पाडण्याचा उपाय विचारला. चौकोनी तुकडे केल्यास काठाला कमानीचे वेडेवाकडे तुकडे उरतात, आणि शंकरपाळ्याप्रमाणे तिरके कापल्यास ते अधिकच. शेवटी असे ठरले की मध्यातून नऊ सारखी पाचरे पाडावीत, आणि प्रत्येकाचे तीन भाग करावेत. परंतु पाचराचे तीन सारखे भाग आडवे करावयाचे तर टोकाकडचा भाग लांब ठेवावा लागतो, आणि खरवड तर सारी काठाकडच्या भागाला. उभे तीन भाग केल्यास सर्वांस काठ मिळतो. तेव्हा उभेच कापावे असे एकमताने ठरले. सुरी मीच धरली. मागच्या रांगेतून कोणी काही विचारते का, याकडे माझे लक्ष होते. एका मुलाने विचारले की काठ सर्वांना मिळाला, मग तळाची खरवड वरच्यापेक्षा जाड का झाली? मी सुरी खाली ठेवली आणि फळ्याकडे वळलो.